‘रिकेटी’: आधी मूल, मग खुर्ची

करकरणारी खुर्ची, पाय ठेवताच हलणारा जिना, सांधे सैल झालेली गाडी. आपण यांना खिळखिळी म्हणतो, इंग्रज ‘रिकेटी’ म्हणतो. या विशेषणाच्या मुळाशी ‘रिकेट्स’, म्हणजे लहान मुलांचा मुडदूस आहे.

लंडनच्या मृत्युनोंदींच्या पत्रकांवरून जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ साली पुस्तक लिहिले. ‘रिकेट्स’ने मृत्यू ही नोंद त्याला प्रथम १६३४च्या पत्रकात सापडली: मृत्यू १४. पुढे १६४९ साली १९०, नंतरच्या वर्षी २६०, त्यानंतर ३२९. १६६० साली सर्वांत जास्त. त्याला प्रश्न पडला, की रोग नवा की फक्त नाव नवे? पूर्वी हीच मुले ‘यकृत वाढले’ या सदरात जात असतील का, हेही त्याने आकडे जुळवून पाहिले. काही घोटाळा झाला असेल, पण रोग खरोखरच वाढतो आहे, असे त्याचे मत झाले. शब्दाचा इतिहास शोधणाऱ्याने हा प्रश्न कायम जवळ बाळगावा, असे मला वाटते.

कारण नाव पत्रकांतील पहिल्या नोंदीहून जुने दिसते. डॅनियल व्हिसलर या इंग्रज वैद्याच्या १६४५च्या लायडन येथील प्रबंधाचे शीर्षकच सांगते, की ‘रिकेट्स’ हा स्थानिक लोकांचा शब्द आहे. फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने १६५० साली लिहिले, की सुमारे तीस वर्षांपूर्वी हा रोग डॉर्सेट आणि सॉमरसेट परगण्यांत प्रथम लक्षात आला. ‘रेकायटिस’ हे पाठीच्या कण्यावरून घडवलेले ग्रीक नाव त्याने दिले. म्हणजे लोकांचा शब्द आधीचा, विद्वानांचा नंतरचा. लेखक जॉन ऑब्री मात्र न्यूबरीच्या रिकेट्स नावाच्या वैद्याची हकीकत देतो: १६२०च्या सुमारास तो हा रोग बरा करी, म्हणून रोगाला त्याचे नाव पडले. काळ जुळतो, पण ही हकीकत अनेक दशकांनंतर लिहिलेली आहे. तेवढ्यावर व्युत्पत्ती उभी करणे मला मान्य नाही.

‘रिकेटी’ हे विशेषण १७व्या शतकाच्या अखेरीस दिसते आणि लाकडी सामानाला ते १८व्या शतकाच्या अखेरीस लागते. मुडदुसात हाडे मऊ राहतात, उभे राहताच पाय शरीराच्या भाराने वाकतात. म्हणूनच मोडून पडलेल्या खुर्चीला कोणी ‘रिकेटी’ म्हणत नाही. जिच्यावर अजून कोणी बसते, तिलाच म्हणतात.