नगर प्रांतांतील लोणी व तूप : ऋतु आणि कार्यप्रसंग यांच्या स्वयंपाकाविषयीं

जुन्या दप्तराचा रुमाल सुटला म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते. सनदा, महजर व निवाडपत्रें बाजूस निघतात, त्यांच्या नकला होतात. आणि लग्नांतील शिध्याच्या याद्या, देवाच्या नैवेद्याचीं टिपणें, घरखर्चाच्या वह्या हीं सर्व 'किरकोळ' या सदराखालीं पुन्हां फडक्यांत जातात. त्यांवर बहुधा तेलातुपाचे डाग असतात, हेंहि त्यांच्या उपेक्षेचें एक कारण असावें. या किरकोळांतील एकच विषय आम्हीं येथें घेतला आहे. नगर जिल्ह्यांत (शासनानें २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर असें केलें) घरोघर लोणी कोणत्या दिवसांत खाल्लें जाई, तूप कोणत्या प्रसंगीं खर्चीं पडे, व असें कां, हा तो विषय होय. आमचें मत आरंभींच नमूद करतों. लोणी हें ऋतूचें अन्न होतें व तूप हें कार्याचें. आणि हा भेद धर्मशास्त्रानें घातलेला नसून गवत, दूध आणि पदार्थाचा टिकाऊपणा यांनीं घातला आहे. शास्त्रानें त्याला मागाहून मान दिला.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'लोणी' हा शब्द संस्कृत 'नवनीत' यापासून प्राकृताच्या द्वारें आला, याविषयीं वाद नाहीं. 'तूप' मात्र संस्कृतांतील 'घृत', 'सर्पिस्', 'आज्य' यांपैकीं कोणाचाहि वंशज नाहीं. प्राकृतांत 'तुप्प' व कन्नडांतहि 'तुप्प' असाच शब्द आहे. हेमचंद्रानें देशीनाममालेंत 'तुप्प' हा देशी शब्द म्हणून नोंदला व त्याचे अर्थ दिले, त्यांत 'माखलेला' व 'स्निग्ध' हे आहेत, 'कुतुप' म्हणजे तेलातुपाचें चामडी पात्र हा आहे, आणि 'विवाह' हाहि आहे. आपल्याकडील 'बुधला' हा त्या कुतुपाचाच भाऊबंद. हाल सातवाहनाच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत हा शब्द तोंडाला तूप माखण्याच्या संदर्भांत येतो. सातवाहनांचें पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर, आणि दक्षिण तीरावर आमचा शेवगांव तालुका. तेव्हां हा शब्द या भागांतील घरांत निदान दीड सहस्र वर्षें नांदत आहे, असें म्हणण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं. एकाच मडक्यांतून निघणाऱ्या दोन पदार्थांपैकीं एकाचें नांव संस्कृत कुळांतलें व दुसऱ्याचें देशी, ही गोष्ट मराठी चुलीविषयीं पुष्कळ सांगून जाते.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. जिल्ह्यांत लोणी या नांवाचीं गांवें बरींच आहेत : राहाता तालुक्यांतील लोणी, श्रीगोंद्याकडील लोणी व्यंकनाथ, पारनेरांतील लोणी मावळा व लोणी हवेली. त्यांचा संबंध लोण्याशीं जोडण्याचा मोह उत्साही लेखकांस होतो. परंतु 'लवण' व 'लयन' हे शब्दहि झिजून याच रूपाजवळ येऊं शकतात. ताम्रपटांत अथवा जुन्या कागदांत पूर्वरूप सांपडेपर्यंत या नांवांवर कांहीं उभारूं नये. दायमाबादच्या धातुमूर्तींचेंहि तेंच. १९७४ सालीं श्रीरामपूर तालुक्यांतील त्या गांवीं बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती व गेंडा अशा चार मूर्ति मिळाल्या. प्रवरेच्या कांठच्या प्राचीन लोकांस म्हैस परिचित होती एवढें त्यांवरून म्हणतां येतें. त्यांच्या घरीं रवी फिरत होती कीं नाहीं, हें त्या म्हशीकडून वदवूं नये.

लेखी पुराव्यास खरा आरंभ होतो तो यादवकाळांत, आणि सुदैवानें तो आमच्याच जिल्ह्यांत होतो. नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या पहिल्या अध्यायांत महाभारताचें व गीतेचें माहात्म्य सांगतांना जें रूपक आहे तें विद्वानांनीं तत्त्वज्ञान म्हणून वाचलें. आम्ही तें एकदां स्वयंपाकघराची नोंद म्हणून वाचावें असें सुचवितों. व्यासांच्या बुद्धीनें शब्दब्रह्माचा सागर घुसळला, त्यांतून नवनीत काढलें. पुढें तें ज्ञानाच्या अग्नीवर विवेकानें कढविलें, तेव्हां तें परिपाकास येऊन त्याला 'आमोद' आला, असा त्याचा भाव आहे. हा 'आमोद' कल्पनेंतला नव्हे. लोणी कढत असतां प्रथम तडतड आवाज होतो, वर फेंस येतो, पाण्याचा अंश उडून जातो. मग आवाज मंदावतो, तळाशीं बेरी तांबूस होते, आणि त्याच क्षणीं घरभर वास सुटतो. तो वास सुटला कीं भांडें उतरावयाचें. थोडा उशीर झाला तर बेरी करपते. अग्नीबरोबर 'विवेक' कां लागतो, हें चुलीपुढें बसलेल्या कोणत्याहि गृहिणीस टीकेवांचून कळेल. घुसळणें, काढणें, कढविणें, वासानें ओळखणें, हा क्रम दोन ओव्यांत इतका बिनचूक आला आहे कीं सांगणाराच्या व ऐकणाराच्या घरीं हें नित्य घडत असलें पाहिजे. त्याच्या थोडे आधीं महानुभावांच्या लीळाचरित्रांत चक्रधरांच्या डोमेग्राम (श्रीरामपूर तालुक्यांतील आजचें कमालपूर) येथील मुक्कामाच्या लीळा आल्या आहेत. त्या ग्रंथांतील आरोगणेचे व बाइसांच्या स्वयंपाकाचे उल्लेख निराळे काढून कोणी लावले तर त्या काळच्या आहारावर स्वतंत्र निबंध होईल.

आतां ऋतूचा विचार. नगर जिल्हा बहुतांशीं पर्जन्यछायेंतला. पश्चिमेस अकोल्याचा डोंगराळ भाग तेवढा पावसाचा; तेथें डांगी जातीचीं गुरें असून राजूरचें डांगी जनावरांचें प्रदर्शन प्रसिद्ध आहे. पूर्वेच्या तालुक्यांत पाऊस बहुधा भाद्रपदांत हात देतो, म्हणून हिरवें गवत उशिरां मिळतें. म्हशींचें वेतहि बहुशः श्रावणापासून कार्तिकापर्यंत होतें. दुधाचा भर त्यामुळें शरदांत सुरू होऊन हेमंत-शिशिरांत टिकतो, व चैत्र-वैशाखांत सारें आटतें. चरकानें सूत्रस्थानांत तूप शरदांत प्यावें असें सांगितलें आहे; वैद्यांनीं त्याचें कारण पित्तांत शोधलें, तें खरेंच असेल, परंतु त्याच ऋतूंत तूप सर्वांत ताजें व विपुल असतें हेंहि लक्षांत घ्यावें.

लोणी उष्ण दिवसांत चारपांच दिवसांत आंबूस होतें. थंडींत तें अधिक टिकतें. म्हणून निव्वळ लोणी खाण्याचे सर्व जुने प्रसंग वर्षाऋतूच्या उत्तरार्धापासून संक्रांतीपर्यंतच्या काळांत पडतात. गोकुळाष्टमीचा लोण्याचा नैवेद्य हा पहिला. त्यानंतर पोळा : आदल्या दिवशीं खांदेमळणी होते, म्हणजे बैलांचे जुवानें घट्टे पडलेले खांदे हळद व लोणी किंवा तूप यांनीं चोळतात. नव्या मोसमाचें लोणी माणसाच्या ताटांत येण्यापूर्वीं बैलाच्या खांद्यास लागतें, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस खंडोबाला वांग्याचें भरीत व बाजरीचा रोडगा. पारनेर तालुक्यांत कोरठणचा खंडोबा असल्यामुळें तिकडे या दिवसाचें महत्त्व विशेष. मग धुंधुरमास : सूर्य धनुराशींत असतां पहांटे स्वयंपाक करून उजाडतां जेवावयाचें, बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी व वर लोण्याचा गोळा. शेवट भोगीचा, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, घेवडा, वांगीं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, बोरें यांची मिसळीची भाजी, आणि लोणी. बाजरी उष्ण व रूक्ष, म्हणून स्निग्ध लोणी, ही उपपत्ति सर्वत्र सांगतात. परंतु नवी बाजरी, नवी भाजी व भर थंडींतलें लोणी हीं तिन्ही एकाच पंधरवड्यांत या मातींत हजर असतात, हें मूळ कारण होय. भोगीनंतर लोण्याचा असा ठळक सण नाहीं.

तुपाची गोष्ट निराळी. नीट कढविलेलें तूप वर्षभर राहतें. शेरभर लोण्यांतून पाऊणशेराच्या आसपासच तूप निघतें. परंतु जें निघतें तें सांठवितां, मोजतां व विकतां येतें. होळीची पुरणपोळी, अक्षय्यतृतीयेचा आमरस, उन्हाळ्यांतील लग्नें, हीं सर्व दूध आटलेल्या काळांतलीं. त्यांना जें तूप लागे तें हिंवाळ्यांत गाडग्यांत भरून, तोंडाला फडकें बांधून ठेवलेलें. लग्नाच्या पंक्तींत यजमानाची प्रतिष्ठा तुपाच्या धारेवर मोजीत, त्याचें कारण जिभेचें सुख एवढेंच नव्हे : त्या धारेंत मागील चार महिन्यांची घरधनिणीची काटकसर दिसत असे. देशीनाममालेंतील 'विवाह' या अर्थाचें आम्हांस म्हणूनच फारसें आश्चर्य वाटत नाहीं, जरी दोन अर्थांचा संबंध हेमचंद्र सांगत नाहीं. दुसरें राखीव तूप बाळंतिणीचें. माहेरीं येणाऱ्या लेकीसाठीं एक मडकें वेगळें ठेवीत. त्यांतून डिंकाचे व अळिवाचे लाडू होत. चरकाच्या शारीरस्थानांत गर्भिणीस चौथ्या महिन्यांत दुधांतून काढलेलें लोणी एक अक्ष एवढें, व पांचव्यांत दुधाचें तूप सांगितलें आहे. ऐतरेय ब्राह्मणांत आज्य देवांचें, घृत मनुष्यांचें, आयुत पितरांचें व नवनीत गर्भाचें अशी वांटणी आहे. ज्या आजीबाईंनीं यांतील अक्षर ऐकलें नव्हतें त्याहि हेंच करीत होत्या.

परंतु येथें एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सणांच्या वर्णनांत ती नेहमीं झांकली जाते. तूप घरोघर होई याचा अर्थ तें घरोघर खाल्लें जाई असा नव्हे. आईन-इ-अकबरींत दुधाचा भाव मणास २५ दाम व तुपाचा १०५ दाम दिला आहे. तो उत्तरेकडील दरबारी भाव असला तरी प्रमाण बोलकें आहे. कोरडवाहू कुणब्याच्या घरीं रोख पैसा देणारी जी थोडी वस्तु, तींत तूप. तें आठवड्याच्या बाजारीं जाई आणि मीठ, कापड, सावकाराचें व्याज होऊन परत येई. घरीं राहे तें ताक. भाकरी व ताक हें नित्याचें अन्न, आणि ज्याच्या घरीं दुभतें नाहीं अशा शेजाऱ्यासहि ताक फुकट मिळे; ताक विकणें हें हलकें समजत. तेव्हां सणाच्या ताटांतलें तूप हें बाजारांतून वांचलेलें तूप होतें. ब्राह्मणाच्या पानावर वरणभातावर रोजची अन्नशुद्धि पडे. कुणब्याच्या पानावर ती होळी-पोळ्यास. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियरांतील अहमदनगरच्या भागांत ज्ञातिवार आहाराचें वर्णन आहे, तें या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखें आहे. १८७६-७७ च्या दुष्काळांत, व पुढें १९७२ च्या दुष्काळांत, जेव्हां जनावरेंच राहिलीं नाहींत किंवा कवडीमोलानें गेलीं, तेव्हां ताकहि गेलें.

पाकशास्त्रावरील ग्रंथ या बाबतींत फार थोडी मदत करतात. सतराव्या शतकांतील रघुनाथ नवहस्त याचा भोजनकुतूहल हा संस्कृत ग्रंथ प. कृ. गोडे यांनीं प्रकाशांत आणला व त्याचा पहिला भाग १९५६ सालीं त्रिवेंद्रम येथें छापला गेला. पण त्याचा कल द्रव्यगुणाकडे. मराठींत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र १८७५ सालीं पुण्यास, व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणीमित्र १९१० सालीं निघालें. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत, परंतु पाककृतींत तूप हें आधींच तयार असलेलें द्रव्य म्हणून येतें. तें कोणाच्या हातचें, कोणत्या महिन्याचें, हा प्रश्न शहरी पुस्तकास पडत नाहीं.

'साजूक' या शब्दाचा प्रवासहि येथें नोंदून ठेवतों. तो 'सद्यस्क' यापासून आला असून मोल्स्वर्थच्या कोशांत त्याचा अर्थ ताजें, नुकतेंच केलेलें, असाच आहे. त्याच्या विरुद्ध शब्द 'खवट'. १९३७ सालीं डालडा बाजारांत आल्यानंतर वनस्पतीचा प्रसार झाला आणि 'साजूक' म्हणजे 'खरें', वनस्पती नव्हे तें, असा अर्थ रूढ झाला. जुन्या यादींत 'तूप साजूक' असें आढळल्यास आजचा अर्थ लावूं नये; तेथें लिहिणारा ताज्या व जुन्या तुपाचा भेद करीत आहे.

पुढील फेरफार डोळ्यांदेखत झाला. १९५० सालीं लोणी येथें प्रवरेचा सहकारी साखरकारखाना सुरू झाला. उसाबरोबर वाढें व ओला चारा वाढला. १९७० नंतर दुधाचे सहकारी संघ गांवोगांव पोहोंचले, संकरित गाई आल्या, राहुरीच्या कृषि विद्यापीठानें 'फुले त्रिवेणी' ही तिहेरी संकराची गाय तयार केली. कोरडवाहू घरांत दर दहा दिवसांनीं दुधाचे पैसे येऊं लागले, ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिचा हेवा करण्याचें कारण नाहीं. मात्र दूध सकाळ-सायंकाळ संघांत गेलें म्हणजे विरजण लागत नाहीं, विरजण नाहीं म्हणून रवी नाहीं, रवी नाहीं म्हणून ताक नाहीं. पूर्वीं तूप विकलें जाई व ताक उरे. आतां दूधच विकलें जातें. भोगीच्या लोण्याचा गोळा आज बहुतेक घरीं सायीचा, किंवा पुडींतला.

रवी, डेरा, घुसळखांब, बुधला या वस्तूंचीं नांवें सांगणारीं माणसें आहेत तोंवर तीं तालुकावार लिहून घ्यावींत. कागदांच्या बाबतींत आमची विनंति संग्राहकांस अशी आहे कीं, लग्नाच्या, मुंजीच्या व नैवेद्याच्या मोडी याद्या हातीं येतील तेव्हां त्यांतील तुपाची ओळ वगळूं नये. वजन जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें, आजच्या मापांत बदलूं नये, कारण शेर गांवोगांव निराळा होता. मिति अवश्य द्यावी, म्हणजे तूप भरीच्या दिवसांतलें कीं आटीच्या, हें ठरवितां येईल. आणि तें घरचें, बाजारचें, कीं कोणाकडून देण्यापोटीं आलेलें, असा शब्द यादींत असल्यास तो प्रथम टिपून घ्यावा. डाग पडलेल्या कडा कापून टाकूं नयेत. आंकडे बहुधा तेथेंच असतात.