वामसी ते उम्मीद : वक्फच्या नोंदी नव्या पोर्टलवर

वक्फ मालमत्तांची ऑनलाइन माहिती पूर्वी 'वामसी' या संकेतस्थळावर असायची. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने 6 जून 2025 रोजी 'उम्मीद' पोर्टल सुरू केले आणि सगळे काम तिकडे गेले. राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीत आहे. तरीही एक गैरसमज इथेच जास्त ऐकतो : जुनी नोंद आपोआप नव्या पोर्टलवर गेली असेल!

तसे नाही. वामसीवर नाव असले तरी तपशील नव्याने भरावा लागतो. मुतवल्ली माहिती भरतो, वक्फ मंडळ तपासते, सरकारने नेमलेला अधिकारी मंजुरी देतो. म्हणजे फॉर्म भरला की काम झाले, असे समजू नका.

मराठवाड्यात खरी अडचण कागदांची. निजामकाळातले मुंतखब उर्दू-फारसीत, त्यात जुने सर्व्हे नंबर. आजच्या सातबाऱ्यावर मात्र गट नंबर. दोन्हींचा मेळ बसवणारा जाणकार आधी शोधावा, कॉम्प्युटरवाला नंतर.

नोंदीची मुदत 6 डिसेंबर 2025 ला संपली. सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबरला सरसकट मुदतवाढ नाकारून वक्फ ट्रिब्युनलकडे जायला सांगितले होते. सबळ कारण दाखवले तर ट्रिब्युनल जास्तीत जास्त सहा महिने वाढवून देऊ शकते.

आपल्या मस्जिद-कब्रस्तानचा अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे मुतवल्ली साहेबांना विचारा आणि त्याची प्रिंट कमिटीच्या फाइलला लावून ठेवा.