पांढरी, माळवद आणि नवे गाव : १९९३ च्या भूकंपोत्तर पुनर्वसनाचा सामाजिक अर्थ

मराठी मुलखातील गावाचे पारंपरिक वर्णन दोन शब्दांत होत असे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील परांडे तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र आहे. गावाची ओळख त्याच्या दैवताशी किती घट्ट बांधलेली असते, याचे सोनारी हे एक चांगले उदाहरण होय. दैवत पांढरीचे असते आणि पांढरी तेथे राहणाऱ्या पिढ्यांची असते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथापासून ग्रामसंस्थेच्या अभ्यासकांनी वतने, बलुती व हक्क यांची चिकित्सा पुष्कळ केली. त्या मानाने हे संबंध ज्या भिंतींच्या, बोळांच्या व ओसऱ्यांच्या आधाराने टिकले, त्या वस्तीच्या रचनेकडे लक्ष कमी गेले. सोनारी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास व शेजारच्या लातूर जिल्ह्यात १९९३ साली जे घडले, त्याने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा रीतीने पुढे आणला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी रिश्टर मापनावर सहाहून अधिक प्रतीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९६७ चा कोयनेचा अनुभव गाठीशी असूनही दख्खनच्या या भागाची गणना भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या प्रदेशातच होत असे. नकाशातील तो वर्ग पुढे २००२ साली रद्द करण्यात आला.

तथापि मनुष्यहानीचे कारण केवळ भूगर्भात शोधून भागत नाही. ते घराच्या बांधणीतही शोधावे लागते. या भागातील घर म्हणजे मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद भिंती आणि त्यांवर लाकूड व मातीचे माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राही. बाहेरच्या बाजूस खिडक्या कमी ठेवल्याने चोरापोरांपासून संरक्षण मिळे. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर देण्याची चाल होती. घराची ही काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली आणि प्रत्येक थराबरोबर छताचे ओझे वाढत गेले. भिंतीच्या दोन्ही अंगांस सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यामुळे हादरा बसताच भिंती उकलल्या आणि वर्षानुवर्षांची माती निजलेल्या माणसांवर कोसळली. ज्या रीतीने घर राखले, तिनेच ते घातक केले, ही या घटनेतील सर्वांत विषण्ण करणारी बाब होय.

शासनाने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात दोन भिन्न पद्धती अवलंबिल्या गेल्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. उलट, ज्या गावांतील घरे दुरुस्त करून मजबूत करता येण्याजोगी होती, तेथे कुटुंबांना साहित्य व आर्थिक साहाय्य देऊन काम त्यांच्याच हाती सोपविण्यात आले.

नव्या गावांतील घराचे क्षेत्र जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांस ७५० चौरस फूट, असे हे प्रमाण होते. आपत्तीच्या काळात निर्विवाद मोजमाप हवे असते आणि सातबाऱ्याचा उतारा हे तसे मोजमाप होते, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम असा की काळीच्या हिशेबाने पांढरीची वाटणी झाली. जुन्या पांढरीत शेजार ठरत असे तो भावकी, जात व व्यवसाय यांनी. नव्या आखणीत शेजार ठरविण्याचे काम बऱ्याच अंशी घराच्या वर्गाने केले. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड आणि सुटी-सुटी घरे यांमुळे गावाचा विस्तार जुन्या गावठाणाच्या कित्येक पटींनी वाढला. लागून असलेल्या ओसऱ्या गेल्या, आणि दळणकांडण करताना सहज होणारे बोलणे, म्हाताऱ्यांचे पारावर बसणे, शेजारणीच्या भरवशावर मूल सोडून शेतात जाणे, या गोष्टींना लागणारे अंतराचे सान्निध्यही गेले. नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने जे मोकळे अंगण होते, ते राहणाऱ्याच्या दृष्टीने ओलांडावयाचे अंतर ठरले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या रचनेचा वियोग सर्वांस सारखाच जाणवावा असे कारण नव्हते. ज्या पांढरीच्या आपुलकीचे वर्णन केले जाते, तिच्याच कुसाबाहेर महारवाडा व मांगवाडा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रामव्यवस्थेच्या गौरवाविरुद्ध जी कठोर भूमिका घेतली, तिच्यामागे हाच अनुभव उभा होता. जी वस्ती काहींना आधार देत होती, तीच इतरांना दूर ठेवीत होती. म्हणून नव्या गावाचे मूल्यमापन ‘जुने ते सोने’ या न्यायाने करता येणार नाही. मात्र जमीनधारणेच्या मापाने जुन्या विषमतेचे केवळ रूप पालटले. भूमिहीनाचे लहान घर हे त्याच्या स्थानाचे आता सिमेंटमध्ये लिहिलेले प्रमाणपत्र झाले.

दुसरी पद्धत अधिक बोधप्रद ठरते. दुरुस्तीच्या गावांत लोक आपल्या जागी राहिले. मालक व गवंडी यांनी आरपार दगड बसविणे, कोपरे सांधणे व छताचा भार कमी करणे यांचे महत्त्व जाणून घेतले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून कुटुंबे व शासकीय यंत्रणा यांच्यामधील दुवा झाल्या. त्यांतील अनेकींचे बचत गट बांधकाम संपल्यावरही चालू राहिले. घर बांधण्याच्या कामात ज्यांना वाटा मिळाला, त्यांना गावाच्या कारभारातही तो मागता आला. स्थलांतरित गावांतही लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. मिळालेल्या काँक्रीटच्या खोलीपुढे पडवी काढणे, मागे चूल मांडणे, कुंपण घालणे, अशा खटाटोपांतून त्यांनी आखून दिलेल्या घराचे हळूहळू आपले घर केले.

या दोहोंच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा की वस्ती ही समाजाची केवळ निवाऱ्याची जागा नसून त्याच्या परस्परसंबंधांची घडण आहे. भिंत मजबूत हवी, याविषयी १९९३ नंतर दुमत संभवत नाही. परंतु भिंतीपलीकडे कोण असावे, पार कोठे असावा आणि कुसाबाहेर कोणीही राहू नये यासाठी काय करावे, हे प्रश्न अभियंत्याच्या आराखड्यात आपोआप सुटत नाहीत. सोनारीसारख्या ज्या गावांची पांढरी आजही आपल्या दैवताशेजारी उभी आहे, त्यांच्या विकासाची आखणी करताना हे प्रश्न संकट येण्यापूर्वी, सवडीने आणि तेथे राहणाऱ्या सर्वांना विचारून सोडविता येतील. किल्लारी व सास्तूरच्या लोकांना ती सवड मिळाली नव्हती.