एका नळीची हकीकत

इतिहास म्हटला कीं राजांच्या वंशावळी, तह आणि लढाया डोळ्यांपुढें उभ्या राहतात. हा समज आम्हां इतिहास शिकविणाऱ्यांनींच रूढ केला आहे. तेव्हां त्याचें थोडें प्रायश्चित्तही आम्हींच घेतलें पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय आहे दीड-दोन हात लांबीची एक पोलादी नळी. तिच्यामुळें कोणतें राज्य बुडालें नाहीं. तरी यंत्र आणि त्याचा धनी यांच्यामधील संबंध गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत कसा पालटत गेला, हें तिच्यावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें मोठ्या ग्रंथांतूनही क्वचितच दिसेल.

गेल्या उन्हाळ्यांत मी अमेरिकेंत, डेट्रॉईट शहरानजीक राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे गेलों होतों. तो व्यवसायानें इंजिनिअर. आणि त्यानें १९७० सालची एक शेव्हरोलेट गाडी मोठ्या हौसेनें जतन केली आहे. या गाडीला क्लच नाहीं. गिअर आपोआप बदलतात. गिअरपेटींतील तेल मोजण्याची डिपस्टिक जिच्यांतून आंत जाते, आणि जिच्यांतूनच नवें तेल ओततात, ती नळी गंजून निकामी झाली होती. "मामा, तुम्ही वरून नळी सोडा, मी गाडीखालून धरतों," असें म्हणून त्यानें मला कामास लावलें. नळीचें खालचें टोंक गिअरपेटीच्या उजव्या अंगास असलेल्या भोकांत बसतें. त्या भोकांत रबराचें कडें असतें, आणि नळीला टोंकाच्या थोडें वर एक उंचवटा असतो. हा उंचवटा खालीं टेकला म्हणजे नळी पुरती बसली असें समजावयाचें. मग वरची पट्टी बोल्टानें आवळावयाची. इंजिन आणि त्यामागील पत्रा यांच्यामधील फट इतकी चिंचोळी कीं, आमची झटापट तासभर चालली. अखेर नळी बसली; निदान आम्हांस तसें वाटलें.

इंजिन चालूं ठेवून, तेल तापल्यावर डिपस्टिक काढून पाहिली, तों तेल कमी. भाच्यानें आणखी ओतलें. "अजून थोडें असूं दे," असा आग्रह मीं धरला, हें येथें कबूल करणें भाग आहे. दुपारीं फिरावयास निघालों आणि चार-पांच मैलांवर बॉनेटखालून धूर येऊं लागला. तेल फेसाळून नळीच्या तोंडांतून उसळलें होतें, आणि धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळावर पडून जळत होतें. गाडी ओढून घरीं आणल्यावर उलगडा झाला. उंचवटा टेकलाच नव्हता. नळी अर्धा इंच वर राहिली होती. साहजिकच डिपस्टिकही तितकीच वर राहिली, आणि पुरेसें असलेलें तेल तिनें कमी दाखविलें. ती खोटें बोलली नव्हती. तिला उभें राहावयास आम्हीं दिलेली जागाच चुकीची होती. कागदपत्रांवरून निर्णय देणाऱ्या इतिहासकारास हा धडा अगदींच नवा नसावा.

अर्ध्या इंचानें एवढा अनर्थ कां व्हावा? साध्या गिअरपेटींत तेल केवळ चाकांस वंगण पुरवितें. आपोआप चालणाऱ्या पेटींत तेंच इंजिनाची शक्ति पुढें पोंचवितें, आपल्या दाबानें आंतील क्लच आवळतें आणि उष्णता वाहून नेतें. तें कमी झालें तर पंप हवा ओढतो. जास्त झालें तर फिरतीं चाकें त्याचें ताक घुसळल्यासारखा फेस करतात. दोन्ही प्रकारांत तेलाच्या जागीं हवा येते, आणि हवेला दाब पेलत नाहीं. शिवाय तेल तापलें कीं फुगतें, आणि इंजिन थांबलें कीं पुढच्या भागांतील तेल खालच्या थाळींत उतरतें; म्हणून मोजमाप इंजिन चालूं असतांना व तेल गरम असतांनाच करावयाचें. जनरल मोटर्सच्या गाडींत त्या वेळीं दांडा 'पार्क'वर ठेवावा लागतो, तर क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत 'न्यूट्रल'वर.

तेलाकडून शक्ति वाहवून घेण्याची कल्पना मूळची मोटारीची नव्हे, जहाजाची आहे. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर स्टेटिन येथील व्हल्कन गोदींत काम करीत असे. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें, आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोघांची सांगड घालण्यासाठीं त्यानें द्रवाच्या प्रवाहानें शक्ति पोंचविण्याची युक्ति काढली आणि १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें.

मोटारींत मात्र माणसाच्या हातापायांचें कसब अजून कित्येक वर्षें चालूं राहावयाचें होतें. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. त्या काळच्या गाड्यांतून गिअर बदलणें म्हणजे खडखडाट न होऊं देण्याची एक विद्याच होती. त्याच वर्षीं अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरची सिंक्रोमेश योजना कॅडिलॅक गाडींत आली आणि ती विद्या सोपी झाली. पुढें याच थॉम्प्सनच्या मंडळीनें क्लचचें पायडलच नाहींसें केलें. त्यांची 'हायड्रामॅटिक' पेटी १९३९ सालीं, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांबरोबर विक्रीस आली. महायुद्धांत तीच पेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसली, आणि १९५२ पासून रोल्स-रॉईससारख्या मानी कंपनीनेंही तिचा स्वीकार केला.

या पहिल्या पिढीच्या पेटींत तेल पाहावयाचें तर गाडींत वांकून, पायांखालची चटई उचलून, तळाच्या पत्र्यावरील झांकण काढावें लागे. पुढें ही अडचण दूर करण्यासाठीं नळी लांबवून, वळवून बॉनेटखालीं आणण्यांत आली. आमच्या नळीचा जन्म तो हा. सूट-बूट न मळवितां, पेट्रोल भरतां भरतां, कोणासही तेल पाहतां येऊं लागलें.

या पेट्यांवर किती कांहीं अवलंबून होतें, हें १९५३ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं १२ ऑगस्ट रोजीं मिशिगन राज्यांत लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा अवाढव्य कारखाना आगींत भस्मसात झाला, माणसेंही दगावलीं. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांना कांहीं काळ ब्यूइकची 'डायनाफ्लो' पेटी उसनी घ्यावी लागली, आणि कंपनीनें विलो रन येथील प्रचंड कारखाना मिळवून काम पुन्हां उभें केलें. महायुद्धांत त्याच छपराखालीं फोर्डनें बाँबफेकी विमानें बांधलीं होतीं.

नळींतून ओतल्या जाणाऱ्या तेलाचीही एक हकीकत आहे, आणि ती तितकीशी सुखद नाहीं. क्लचच्या चकत्या हिसका न देतां एकमेकींस चिकटाव्या, म्हणून या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. गुळगुळीत प्रवासाची किंमत दूरच्या समुद्रांतील एक प्राणी देत होता, आणि बैठकींत आरामांत रेललेल्या माणसास त्याची वार्ताही नव्हती. १९७० सालीं अमेरिकेनें या देवमाशाची गणना नष्ट होऊं घातलेल्या प्राण्यांत केली, त्याच्या तेलाची आयात बंद पडली, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. माझ्या भाच्याची गाडी नेमकी त्याच वर्षाची आहे.

आतां शेवटचा अंक. आजच्या पुष्कळ नव्या गाड्यांत ही नळी आणि डिपस्टिक दोन्ही नाहींत. पेटी बंद, तेल पाहावयाचें तर गाडी वर उचलून, ठरलेल्या उष्णतामानास, खालचें बूच काढावें लागतें. हें काम घरच्या माणसाचें राहिलें नाहीं. माझा भाचा ज्या पेट्यांच्या आराखड्यावर काम करतो त्याही याच जातीच्या. तेल उपसतां उपसतां तो हंसून म्हणाला, "मामा, तुमचा आजचा आग्रह पाहिला म्हणजे आमच्या ऑफिसचें म्हणणें पटतें. लोक भलतें तेल घालतात, नको तितकें घालतात, आणि नळींतून कचराही आंत जातो."

त्याचें म्हणणें खोडून काढणें मला शक्य नव्हतें. पुरावा जमिनीवर तांबड्या थारोळ्याच्या रूपानें पसरला होता. तथापि मला एवढेंच वाटलें कीं, चूक आम्हीं केली ती त्या नळीच्या पायींच, आणि चूक उमगली तीही त्या नळीच्याच पायीं. बंद पेटींत आमच्या हातून चूक होणार नाहीं हें खरें. पण तेथें दुसऱ्या कोणाची चूक झाली तर तीही आम्हांस दिसणार नाहीं. चुकीचा अधिकार सोडला म्हणजे पाहण्याचाही अधिकार जातो, हा सौदा आपण आजकाल मोटारीपुरताच करीत आहों असें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं रबराच्या नव्या कड्याला तेल लावून आम्हीं नळी पुन्हां बसविली. या वेळीं भाचा गाडीखालीं आरसा व दिवा घेऊन पडला होता. उंचवटा टेकल्याचें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें, आणि मगच मला बोल्ट आवळूं दिला.