पायऱ्यांचा माग : खरडकामाच्या यंत्रमार्गांचा इतिहास

1940च्या दशकात मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स आणि फ्रँक स्टुलेन यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या नमुनापट्ट्या पंचकार्डांवर गणिलेल्या बिंदूंनुसार कापण्यास आरंभ केला, तेव्हा दोन बिंदूंमध्ये उरणारे उंचवटे कारागिराला कानशीने घासून काढावे लागत. अंकांनी चालणाऱ्या कापकामाला पायऱ्यांचा हा दोष जणू जन्मतःच चिकटला होता. 1952 मध्ये एमआयटीने अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले आणि बिंदू सलग जोडले जाऊ लागले; तथापि साच्यांच्या खरडकामात (रफिंगमध्ये), म्हणजे फिनिशिंगपूर्वी जादा धातू झपाट्याने काढण्याच्या कामात, हा दोष नव्या रूपाने उरला.

संगणक घनाकृतीचे आडवे थर कल्पून प्रत्येक थराचा मार्ग आखतो, त्यामुळे उतरत्या भिंतीवर पायऱ्या राहतात : 45 अंशांच्या उतारावर 20 मिलिमीटर खोलीचा थर घेतल्यास पायरीही तितकीच रुंद उरते, आणि अशा पायरीवर फिनिशिंगचा बारीक कटर कधी हवेत, कधी भरगच्च धातूत शिरून वाकतो किंवा तुटतो. थर पातळ करणे हा जुना उपाय वेळखाऊ तर होताच, शिवाय कटरचे केवळ टोक झिजवणाराही होता. 2000 नंतर धातूशी होणारा कटरचा संपर्क मर्यादित ठेवणारे मार्ग रूढ झाल्यावर आधी पात्याची पूर्ण लांबी वापरून खोल थर काढावा आणि मग खालून वर येत, दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी, केवळ पायऱ्याच छाटाव्यात, ही अधिक शहाणपणाची रीत शक्य झाली.