संमेलनाचा मांडव आणि गावातले मंडळ : मराठी ख्रिस्ती साहित्यव्यवहाराचा परिचय

१० जानेवारी २०२० रोजी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनास प्रारंभ झाला. अध्यक्षपदी होते वसईच्या नंदाखाल गावचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचा जो मेळावा भरला, तेथपासून चालत आलेल्या या परंपरेत एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच लाभला. निवडीला काहींनी विरोधही केला. तरीही संमेलन झाले आणि प्रकृती साथ देत नसतानाही फादर व्यासपीठावर आले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या दिवसाचा आनंद आपल्या धर्मप्रांतातील घराघरांत साजरा झाला. परंतु असा लेखक अचानक उगवत नाही. त्याच्यामागे मासिके असतात, वाचनालये असतात, कुणाच्या तरी ओटीवर बसून कविता ऐकणारी चार माणसे असतात. मराठी ख्रिस्ती समाजातील साहित्य संमेलने आणि लेखनमंडळे कशी सुरू झाली, त्यांनी काय साधले आणि आज त्यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, याची माहिती वाचकांस एकत्र मिळावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

श्रोत्यांच्या मागणीतून जन्मलेला ग्रंथ

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ सांगताना फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. साष्टी प्रांतात राहून त्यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. जुन्या आणि नव्या करारातील कथा सांगणारा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या.

या ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंना विनंती करतो, की पूर्वीची पुराणे आता आम्ही वाचत नाही, तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काहीतरी द्यावे. म्हणजे आपल्या पहिल्या महाकाव्यामागे श्रोत्यांची मागणी होती. वाचणारा समाज आधी होता. ग्रंथ त्याच्यासाठी आला.

पुढे १६४९ आणि १६५४ साली या ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तीन मुद्रित आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घालणारा हुकूम काढला. असे असतानाही ख्रिस्तपुराण टिकले, कारण लोकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून घेतल्या आणि घरी, सणावारी त्यांचे सामुदायिक वाचन चालू ठेवले. गोव्यातून कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो ग्रंथ सोबत नेला. अशाच प्रतींच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती छापली गेली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती पुण्यातून प्रसिद्ध झाली. छापील प्रती नाहीशा झाल्या, वाचकमंडळांनी ग्रंथ वाचविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

नियतकालिके, कीर्तने आणि टिळकांचे घर

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती लेखनाचे केंद्र दख्खनच्या पठारावर सरकले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केले. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. विधवांच्या दुःखाचा विषय तिने त्या काळी हाताळला, हे विसरून चालणार नाही. कॅथलिकांसाठी जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. ग्रामीण भागातील नव्या श्रद्धावंतांच्या हाती नियमितपणे मराठी वाचन पोहोचविण्याचे कार्य या मासिकाने केले.

याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन हे आपल्या मातीतील प्रकार ख्रिस्ती भक्तीसाठी वापरले. परंतु लेखनमंडळाचा विचार करताना आम्हांस त्यांच्या काव्याइतकेच त्यांचे घर महत्त्वाचे वाटते. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या कवीला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे हेच बालकवी नगरला टिळक दांपत्याच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले. धर्म वेगळा, घर एकच आणि बोलणे कवितेचे! संमेलनाने कवीला नाव दिले. त्या नावाला साजेशी कविता लिहिण्यासाठी लागणारी माया अशा घरांनी पुरविली.

त्याच घरात लक्ष्मीबाई टिळक घडल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माउलीने लग्नानंतर अक्षरे गिरविली आणि १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्णत्वास नेले.

संमेलनांची परंपरा

मराठी ख्रिस्ती साहित्यिकांचे पहिले संमेलन १९२७ साली नाशिक येथे भरले. १९३३ साली नागपूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंनी भूषविले. एका स्त्रीला, आणि तीही औपचारिक शिक्षण न लाभलेल्या स्त्रीला, हा मान त्या काळी मिळाला, ही गोष्ट आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पुण्यात १९९२ साली झालेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते. म्हणजे धाराशिवच्या मांडवात पोहोचण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे आपल्याच समाजाच्या व्यासपीठाने त्यांना अध्यक्षपद दिले होते.

या संमेलनांचे एक वैशिष्ट्य नमूद केले पाहिजे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट लेखक एका मांडवात बसले. ‘ख्रिस्तैक्य’ हा शब्द चर्चासत्रांतून रूढ होण्याआधीच मराठी भाषेने आपल्याला एका पंक्तीला बसविले होते.

वसईचे योगदान

आता आपल्या परिसराकडे वळू. उत्तर वसईतील नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरिज या गावांत सामवेदी अथवा कादोडी बोली घरोघरी बोलली जाते. इतरत्र वाडवळी आणि कोळी बोली आहेत. या बोली हिंदू आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांच्या आहेत. घरात बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि मंदिरात लॅटिन, अशा तीन भाषांत आपल्या आजी-आजोबांचे आयुष्य गेले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज घोषित केला आणि लोकभाषेतील उपासनेला मार्ग मोकळा झाला. मिस्साविधी, प्रार्थना, गायने हे सारे मराठीत आणावयाचे होते. ज्या समाजात लिहिणारे हात तयार होते, तेथेच हे काम जोमाने होऊ शकत होते. वसईत असे हात होते, कारण १९५५ साली सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने त्यांना लिहिते केले होते. १९८३ ते २००७ या काळात फादर दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’चे संपादन केले. धर्मवार्तांच्या जोडीने पाणी, शेती, पर्यावरण आणि गुंडगिरीविरुद्धचा लढा हे विषय मासिकात आले. ख्रिस्तेतर लेखक त्यात लिहू लागले आणि ख्रिस्तेतर वाचक ते वाचू लागले. शेतकरी, शिक्षिका, नोकरीसाठी रोज लोकलने मुंबई गाठणारा तरुण, अशा अनेकांचे नाव प्रथम छापून आले ते अशाच स्थानिक अंकांतून.

१९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे संत तुकारामांच्या ईश्वरानुभवाचे अभ्यासक. मराठी संतपरंपरेचा अभ्यास करणारा धर्मगुरू मराठी धर्मप्रांताचा पहिला मेंढपाळ व्हावा, हा योगही बोलका आहे. अलीकडच्या काळात सामवेदी बोलीतून ‘कादोडी’ हा अंक निघाला आणि जी बोली केवळ कानांनी जपली होती, ती कागदावर उतरली.

मंडळ कसे चालते?

साहित्य मंडळ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, शाल-श्रीफळ आणि लांबलेली प्रास्ताविके उभी राहतात. प्रत्यक्षात चांगल्या मंडळाला फारसे काही लागत नाही. धर्मग्रामातील एखादी खोली, महिन्यातील एक ठरलेली संध्याकाळ आणि येणाऱ्या प्रत्येकाने आणलेले एक पान पुरेसे होते. आमच्या पाहण्यात जी मंडळे टिकली, त्यांत पुढील गोष्टी समान आढळल्या.

पहिली गोष्ट म्हणजे, तेथे लिहिण्याआधी वाचन होते. स्वतःची कविता वाचण्यापूर्वी दुसऱ्या कुणाचे तरी चांगले पुस्तक मोठ्याने वाचले जाते.

दुसरी, तेथे स्पष्ट बोलले जाते. ‘छान आहे’ एवढ्यावर थांबणारे मंडळ लेखकाला सुखावते, घडवीत नाही. कोणती ओळ कानाला खटकली, कोठे उपदेश कथेवर स्वार झाला, हे प्रेमाने सांगणारा माणूस मंडळात असावा लागतो. आपल्या धार्मिक लेखनाला या दुसऱ्या दोषाची बाधा लवकर होते, हे आम्ही स्वतःवरूनही सांगू शकतो.

तिसरी, तेथे हस्तलिखित अथवा छापील अंकाची मुदत असते. नाताळ विशेषांकाची तारीख जवळ आली की लेखणी आपोआप चालू लागते.

चौथी, मंडळाचे दार शेजाऱ्यांसाठी उघडे असते. टिळकांच्या घराने बालकवींना जसे आपले मानले, तसे शेजारच्या हिंदू, मुस्लिम, आदिवासी बांधवांना बोलाविणारे मंडळ भाषेने समृद्ध होते. केवळ आपल्याच माणसांसाठी लिहिलेले साहित्य हळूहळू आपल्याच माणसांनाही कंटाळवाणे वाटू लागते.

आजचा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वेळी आपल्या घरांतील चित्र निराळे आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात पालकांचा दोष नाही. मुलांच्या भवितव्याची काळजी कोणाला नसते? परंतु ज्या मुलाला मराठी बोलता येते पण सलग दोन पाने वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी आजोबांची वही बंदच राहणार. बोलीचे तर त्याहून कठीण आहे. लग्नातील गाणी, शेतीची अवजारे, माशांची नावे, बावखलांच्या गोष्टी ज्या आजीला ठाऊक आहेत, ती आजी गेल्यावर ते शब्द कोणत्या शब्दकोशात शोधणार?

येथे मोठ्या संमेलनांचा उपयोग मर्यादित आहे. संमेलन तीन दिवसांत उठते. आजीचे गाणे लिहून घ्यायला मात्र तिच्याजवळ बसावे लागते, एकदा नव्हे, अनेक संध्याकाळी. ते काम गावातले मंडळच करू शकते. इंग्रजी माध्यमातील मुलांनाही त्यात सामील करून घेता येईल: आजी सांगेल, नातू भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करील आणि मंडळातील कुणी ते देवनागरीत उतरवून मुलाकडूनच मोठ्याने वाचून घेईल. गाणे जपले जाईल आणि मूलही वाचू लागेल.

चारशे वर्षांपूर्वी एका श्रद्धावंताने आपल्या गुरूंकडे वाचावयास काहीतरी मागितले, म्हणून आपल्याला ख्रिस्तपुराण मिळाले. ग्रंथ छापखान्यातून नाहीसा झाला तेव्हा वाचणाऱ्यांनी तो हातांनी उतरवून ठेवला. ही मागणी आणि ही उतरवून ठेवण्याची चिकाटी आपल्या धर्मग्रामांत जिवंत राहिली, तर पुढचे लेखक आपोआप येतील. प्रत्येक धर्मग्रामाने येत्या नाताळपूर्वी निदान एक वही भरावी, अशी आमची नम्र विनंती आहे.