हिंसाचारी विवाहात स्त्रीचे नांदत राहणे (महाराष्ट्र)

नवऱ्याची किंवा सासरच्यांची मारहाण, उपासमार, संशय, लैंगिक जबरदस्ती सोसत असतानाही स्त्री ते घर का सोडत नाही, हा स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासातील कळीचा विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा अनुभवली आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली.

बाई मुळातच सोशीक म्हणून राहते, ही समजूत चुकीची आणि अन्यायाची आहे. ती राहते, कारण तिला हक्काने जाता येईल असे दुसरे घर नसते. माहेरी तिचे चार दिवस कौतुक होते. मुलांसह ती कायमची आली की धाकट्या बहिणीचे लग्न, भावजयीची नाराजी, गावातली चर्चा पुढे येते आणि तिची समजूत घालून तिला परत पोचवले जाते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू कुटुंबांतील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. तरी असंख्य बहिणी भावांच्या नावे हक्कसोड पत्र करून देतात. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून त्या जमीन सोडतात आणि जमीन सोडल्यामुळेच पुढे त्या दारात आश्रित ठरतात. या विषयाचे मूळ येथे आहे. बाईच्या स्वभावात नव्हे.

स्वतःची कमाई नसणे, मुले हिरावली जाण्याची भीती, ‘एक मूल झाले की सुधारेल’ ही आशा, पोलिसांनी ‘घरगुती मामला’ म्हणून परत पाठवणे ही इतर कारणे. स्त्री घर सोडू लागली की अनेकदा नवऱ्याची हिंसा वाढते. अशा वेळी थांबणे ही जीव वाचवण्याची तिची रीतही असते.

अशा स्त्रियांच्या बाजूने महाराष्ट्रात कामही उभे राहिले. पुण्यात १९८२ साली मंजुश्री या विवाहितेच्या मृत्यूनंतर ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन झाले आणि विद्या बाळ व सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला. मुंबईत १९८४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या सोबतीने स्त्रियांसाठी विशेष कक्ष चालवला. संगमनेरहून निशा शिवूरकर यांनी नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा लढा उभारला.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर कोणाच्याही नावावर असो, सामाईक घरात राहण्याचा हक्क त्याच्या कलम १७ ने स्त्रीला दिला. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे.